पदच्युत माशाची नदी

रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर वसलेले डेन्व्हर शहर आज पर्वतांच्या नावाने ओळखले जात असले, तरी त्याचा जन्म नदीकाठी झाला. १८५८ च्या उन्हाळ्यात जॉर्जियाहून आलेल्या विल्यम ग्रीन रसेलच्या टोळीला साउथ प्लॅट नदीस मिळणाऱ्या एका लहानशा ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण सापडले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, ज्या भूमीवर अरापाहो व शायेन लोकांचे तळ पडत आले होते त्या भूमीवर, चेरी क्रीक आणि साउथ प्लॅट यांच्या संगमाशी नव्या वसाहतीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. आपल्या जन्मदात्रीशी या शहराचे वर्तन मात्र कृतज्ञतेचे राहिले नाही. चेरी क्रीकच्या कोरड्या पात्रातच नवागतांनी इमारती उभारल्या, आणि १८६४ च्या मे महिन्यात आलेल्या पुराने वृत्तपत्राच्या छापखान्यासह त्या वाहून नेल्या. पुढे शतकभर साउथ प्लॅटच्या दोन्ही थड्यांवर लोहमार्गांची आवारे, वीजघरे, कारखाने आणि उकिरडे यांची रांग लागली. शहराला जे जे नकोसे होई ते ते नदीच्या हवाली करण्याचा शिरस्ता पडला. १६ जून १९६५ रोजी वरच्या खोऱ्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, नदीने २१ माणसांचे बळी घेतले, आणि जिच्याकडे पाठ फिरवली होती ती नदी आपल्या शहरातून वाहते याचे भान नागरिकांना फार कठोर रीतीने आले.

या आपत्तीनंतर दोन गोष्टी घडल्या. नदीच्या वरच्या अंगाला चॅटफील्ड धरण बांधून १९७५ मध्ये पुरे झाले. आणि त्याआधी, १९७४ मध्ये, जो शूमेकर या राज्य सिनेटरच्या पुढारीपणाखाली नदीच्या पुनरुद्धारासाठी एक समिती नेमली गेली. संगमावरचे उकिरडे हटवून तेथे उद्यान झाले, काठाने पायवाटा व सायकलवाटा आल्या, एकेकाळी ट्रामगाड्यांना वीज पुरवणाऱ्या जुन्या वीजघराच्या पायाशीच मुले पाण्यात खेळू लागली. परंतु नदीकाठी फिरणे आणि नदी ओळखणे यांत अंतर आहे. ते अंतर ज्यांनी ओलांडले अशा मंडळींचा एक लहानसा वर्ग डेन्व्हरमध्ये आहे. भर हिवाळ्यात, बर्फाच्या कडांमधून वाहणाऱ्या या शहरी पाण्यात उभे राहून, पिसांच्या कृत्रिम माशीने ते कार्प नावाचा मासा धरतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. त्यांच्या सहवासात मला जे दिसले व कळले, ते येथे मांडावयाचे आहे.

कार्प मराठी वाचकाला अगदीच परका नाही. आपले कटला, रोहू आणि मृगळ हे त्याचे सगोत्र. आणि खुद्द हा मासा महाराष्ट्राच्या मासळीबाजारात सायप्रिनस या त्याच्या शास्त्रीय नावानेच विकला जातो. सिलोनमधून तो १९३९ मध्ये निलगिरीच्या तलावांत आणला गेला, १९५७ मध्ये त्याची दुसरी जात बँकॉकहून कटकला आली, आणि तेथून तो देशभरच्या तळ्यांत व धरणांत पसरला. मासळी घेणारे गिऱ्हाईक त्याला उपरा म्हणून हिणवीत नाही. भाव विचारते आणि घरी नेते.

अमेरिकेत त्याच्या नशिबी निराळेच चक्र आले. स्पेन्सर बेअर्ड हे अमेरिकी मत्स्य आयोगाचे प्रमुख असताना, १८७७ मध्ये, रुडॉल्फ हेसेल यांनी जर्मनीहून ३४५ कार्प जिवंत आणून बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल उद्यानातील तळ्यांत सोडले. लवकरच वॉशिंग्टनमध्ये, राष्ट्राच्या संस्थापकाच्या स्मारकस्तंभानजीक, खास त्यांच्यासाठी तळी राखून ठेवण्यात आली. गरीब शेतकऱ्याच्या शेततळ्यात वाढणारे स्वस्त अन्न म्हणून या माशाची अशी काही कीर्ती झाली की आयोगाच्या दफ्तरी अर्जांचा पाऊस पडला, लोकप्रतिनिधी आपापल्या मतदारांसाठी शिफारशी करू लागले, आणि खास बांधलेल्या रेल्वे डब्यांतून कार्पची पिले गावोगाव रवाना झाली. एका पिढीच्या आतच हवा पालटली. तळी फुटली, मासा नद्यांत शिरला, पाणी गढूळ करतो आणि पाणवनस्पती उपटतो असा बोभाटा झाला, त्याच्या मांसाला चिखलाचा वास येतो म्हणून ताटातूनही तो उतरला. आणि सरकारी इतमामाने आलेला हा पाहुणा पदच्युत होऊन गटाराचा मासा ठरला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या ट्राउट माशाच्या पारधीला अमेरिकेतील शिष्ट समाज अत्युच्च मान देतो, त्याची तपकिरी जात १८८३ मध्ये, कार्पनंतर अवघ्या सहा वर्षांनी, त्याच जर्मनीहून अंड्यांच्या रूपाने आली होती. दोघेही परदेशस्थ, दोघेही सरकारी आज्ञेने आलेले. परंतु एकाला थंड, निर्मळ, डोंगरी पाणी लागते म्हणून तो कुलीन ठरला, आणि दुसरा कोमट, गढूळ, शहरी पाण्यातही तग धरतो म्हणून तो हीन मानला गेला. माशांची ही जातवारी वस्तुतः पाण्याची जातवारी आहे. पर्वतातल्या नदीला आपण तीर्थ मानतो, आणि तीच नदी आपल्या वस्तीत आली की तिला नाला म्हणतो.

या पारधीकरिता हिवाळाच का निवडावा, याचे उत्तर पाण्याच्या कारभारात आहे. कोलोरॅडोच्या १८७६ च्या राज्यघटनेने पाण्याविषयी जो कायदा पत्करला, त्याचे सार असे की ज्याची वहिवाट जुनी त्याचा हक्क पहिला. त्यामुळे साउथ प्लॅटच्या पाण्याचा बहुतेक वाटा कोणा ना कोणा हक्कदाराच्या नावे चढलेला असतो, आणि थेंब न्‌ थेंब मोजून कालव्यांत व जलाशयांत घेतला जातो. हिवाळ्यात डोंगरावरचे बर्फ डोंगरावरच थिजून राहते, पाऊस नसतो, धरणातून येणारे पाणी बेताचे असते. प्रवाह इतका आटतो की पात्रातली लोखंडी सळई, फुटकी वीट आणि टाकून दिलेली बाजारगाडी हीही दिसू लागतात. मात्र उरलेले पाणी निवळशंख होते. उन्हाळ्यात चिखलाच्या पडद्याआड वावरणारा मासा हिवाळ्यात उघड्यावर येतो. आणि अर्थात मासा जसा माणसाला दिसतो, तसा माणूसही माशाला दिसतो.

मासा शीतरक्ताचा प्राणी. पाण्याचे तापमान हेच त्याच्या देहाचे तापमान. ते १० अंश सेल्सियसच्या खाली गेले की कार्पची भूक मंदावते, आणि ४ अंशांच्या आसपास तो खोल, संथ डोहात तळाशी टेकून जवळजवळ निश्चल राहतो. परंतु डेन्व्हरच्या हिवाळ्यात ऊन विपुल असते. जानेवारीतही पहाटे शून्याच्या पुष्कळ खाली असलेला पारा दुपारी ७ अंशांपर्यंत चढतो, आणि काळसर तळाच्या उथळ पाण्यात ती ऊब दोन-तीन तास साठून राहते. त्यात शहराचा एक अनाहूत हातभार लागतो. एंगलवुड येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून शुद्ध केलेले पाणी नदीत सोडले जाते, आणि घराघरांतील स्नानगृहांतून व स्वयंपाकघरांतून आलेले ते पाणी हिवाळी नदीहून पुष्कळ ऊबदार असते. तेवढ्या उबेवर तळाच्या गाळातल्या कायरोनोमिड चिलटांच्या लाल अळ्या हलू लागतात, अळ्या हलू लागल्या की कार्प हलतो, आणि कार्प हलला की त्याच्या मागे ही मंडळी हलतात.

माझे वाटाडे झालेले स्नेही मूळचे कोल्हापूरचे. पंचगंगेच्या घाटावर बालपणी गांडूळ लावून गळ टाकण्याचा छंद त्यांना होता. नोकरीच्या निमित्ताने या मुलखात आल्यावर फ्लाय फिशिंगची विद्या त्यांनी एका स्थानिक वृद्धाकडून घेतली. या विद्येचे मर्म त्यांनी मला काठावरच समजावले. नेहमीच्या गळाला शिसे बांधलेले असते आणि गोफणीतल्या गोट्याप्रमाणे ते शिसेच दोरीला ओढून नेते. येथे आमिष म्हणजे गळावर दोऱ्याने गुंडाळलेली पिसे व केस, त्याला वजन जवळपास नसतेच, म्हणून वजन दोरीत घातलेले असते. सुमारे नऊ फुटांची लवचिक काठी मागे-पुढे झुलवून ती जाड दोरी हवेत उलगडावयाची, तिच्या टोकाला पाण्यात दिसेनासा होणारा बारीक तंगूस, आणि तंगुसाच्या टोकाला ती माशी. कार्पसाठीच्या त्यांच्या माश्या मुद्दाम ओबडधोबड होत्या: सशाच्या कातडीची अरुंद पट्टी, तपकिरी पिसांचा झुबका, आणि डोळ्यांच्या जागी मण्यांच्या साखळीचे दोन मणी, ज्यांच्या वजनाने गळ उलटा होऊन टोक वर राहते व तळाच्या कचऱ्यात अडकत नाही. डबीच्या दुसऱ्या कप्प्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या लाल अळ्या होत्या, लाल दोऱ्यावर तांब्याची तार वेढून केलेल्या.

“आधी सावली शोधा, मासा मग दिसेल,” ते म्हणाले. “आणि पाय टाकाल तो मांजराच्या पावलाने टाका. तुम्ही त्याला दिसायच्या आधी त्याला ऐकू येता.”

या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. कार्पच्या कुळातील माशांच्या देहात पोटातील वायूची पिशवी आणि अंतःकर्ण यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. तिच्यामुळे पाण्यातला सूक्ष्म कंपही कानापर्यंत पोहोचतो, आणि काठावरचा एक दगड निसटला तरी डोहातली सर्व मंडळी सावध होतात. तोंडाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या मिशांच्या दोन जोड्या गाळातली चव चाचपतात. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये याच कुळातील एका लहान माशावर प्रयोग करून दाखवले की जखमी माशाच्या त्वचेतून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याच्या वासाने इतर मासे भयभीत होऊन पांगतात. कार्पला जठर नसते. म्हणून एकदाच पोटभर खाऊन तो निवांत पडू शकत नाही, थोडे थोडे सतत वेचीत राहतो, आणि वेचलेले न पटल्यास क्षणार्धात थुंकून टाकतो. ज्याला बुद्धिहीन व ओंगळ समजून समाजाने टाकले, तो मासा इंद्रियांच्या संपन्नतेत कोणत्याही कुलीन ट्राउटच्या तोडीचा आहे. हे सिद्धान्त म्हणून मी आधी वाचले होते, त्या दुपारी ते डोळ्यांनी पाहिले.

पुलाच्या खांबामागे पाणी मंदावून जेथे डोह झाला होता, तेथे आम्ही बराच वेळ नुसते उभे राहिलो. वरून मालमोटारींचा अखंड घोष, काठावर कॉटनवुडचे निष्पर्ण वृक्ष आणि वाळुंजाच्या तांबूस काठ्या, पलीकडच्या उथळात पाय रोवून उभा असलेला निळा बगळा. प्रथम मला तळावर एक लांबट डाग दिसला. मग त्या डागाच्या वर, हातभर पुढे, पाण्याच्या रंगाहून किंचित पिवळसर असे एक अंग आकाराला आले, आणि त्याच्या शेपटीची कडा मंदपणे हलली. मासा दोन फुटांहून अधिक लांब असावा. डोके खाली करून तो गाळ फुंकरीत होता. प्रत्येक फुंकरीसरशी करड्या धुराचा लहानसा लोट उठे आणि विरे. माझ्या स्नेह्यांनी गुडघे टेकले, दोरी बाजूने आडवी झुलवली, माशी त्याच्या पुष्कळ पुढे पलीकडच्या अंगाला टाकली, काठीचे टोक उचलून ती पृष्ठभागावरून अलगद ओढीत आणली, आणि मिशांपासून वीतभर अंतरावर बुडू दिली. त्यानंतर त्यांनी काहीही केले नाही. हिवाळ्यातला मासा धावत्या भक्ष्याच्या मागे लागत नाही. भक्ष्य त्याच्या तोंडापाशी जाऊन थांबले पाहिजे. कार्प वळला, इतका थोडा की ते वळणे मला नंतर आठवून कळले. त्याचे नळीसारखे बाहेर येणारे तोंड एकदा पांढुरके चमकले. दोरीला झटका बसला नाही, हाताला काही जाणवले नाही. केवळ ती पांढुरकी चमक पाहून त्यांनी काठी उचलली, आणि तो निश्चल डोह एकाएकी खवळून उठला.

नंतरचा झगडा दीर्घ होता, उड्यांचा नव्हता. खाली डोके घालून, प्रवाहाच्या दिशेने, न थकता ओढीत जाण्याचा होता. अखेर जाळीत आलेल्या माशाचे खवले मी जवळून पाहिले: प्रत्येक खवला रुपयाएवढा, पितळी, आणि त्याच्या मुळाशी काळी किनार. हात आधी पाण्यात ओले करून, कल्ल्यांना स्पर्श न करता, त्यांनी गळ काढला. मासा प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत धरला, आणि त्याने स्वतःच्या बळाने शेपूट हलवल्यावर हात सैल केले.

सूर्य उतरू लागला तशी हलकी काठी निघाली आणि आम्ही रचलेल्या शिळांच्या आडोशाला, पाण्याचा भोवरा जेथे संथ फिरत होता तेथे, सनफिश शोधू लागलो. तळहाताएवढा हा मासा, तव्यावर सबंध मावणारा, अमेरिकेतील असंख्य मुलांच्या आयुष्यातला पहिला मासा असतो. यांतील हिरवा सनफिश हा कोलोरॅडोच्या पूर्वेकडील मैदानी नद्यांचा मूळ रहिवासी. सोने शोधणाऱ्यांच्या आधीपासून, कार्पच्या आणि तपकिरी ट्राउटच्या आधीपासून, तो या पाण्यात आहे. थंडीत तो घोळक्याने खोल कपारीत राहतो व आमिषासाठी चार बोटांपलीकडे सरकत नाही. लाल अळी शिळेच्या कडेने सोडली, ती बुडताना तंगूस किंचित थबकला, आणि हातात आला तो एक देखणा जीव: गालांवर निळसर हिरव्या वळणदार रेषा, कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला फिकट किनारीचा काळा ठिपका, परांच्या कडांना पिवळी झाक. शहराच्या मध्यभागी, सांडपाण्याच्या उबेवर, हे लेणे कोणी पाहो न पाहो आपल्या जागी शाबूत होते.

नदीच्या अंगावर शहराचे किती ओझे आहे, हे पाहावयाचे तर उत्तरेस गेले पाहिजे. सँड क्रीकच्या संगमानजीक बर्लिंग्टन कालव्याचे दरवाजे आहेत; जुन्या हक्काच्या बळावर तो कालवा कित्येकदा जवळजवळ सबंध नदीच वळवून नेतो. त्याच्या खालच्या अंगास महानगराचे मोठे रॉबर्ट डब्ल्यू. हाइट शुद्धीकरण केंद्र आपले पाणी पात्रात सोडते, आणि वर्षाच्या बऱ्याच काळात तेथून पुढची साउथ प्लॅट म्हणजे मुख्यत्वे हेच पाणी असते. थंड सकाळी त्या पाण्यातून वाफ उठते, आणि सर्वत्र बर्फ जमले असतानाही तेथे कार्प चरत असतात. येथले कोणी मासा घरी नेत नाहीत. पावसाचे व वितळत्या बर्फाचे पाणी रस्त्यांवरील तेल, मीठ आणि घाण घेऊन, शुद्ध न होता, नाल्यांच्या तोंडांतून थेट नदीत येते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. कार्पबद्दलही त्यांच्या मनात भाबडेपणा नाही. तो गाळ ढवळतो, वनस्पती उपटतो, दुसऱ्या जलचरांचे घर विस्कटतो, हे आरोप खरे आहेत. कोलोरॅडोतील बॅरी रेनॉल्ड्स, ब्रॅड बेफस आणि जॉन बेरीमन यांनी १९९७ मध्ये या माशाच्या फ्लाय फिशिंगवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हाही अशा पारधीला हसणारे पुष्कळ होते. पुढे ट्राउट माशांच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या ट्राउट अनलिमिटेड या संस्थेच्या डेन्व्हर शाखेनेच शहरातील नदीवर कार्पची स्पर्धा सुरू केली, आणि तिच्यातून उभा राहणारा निधी याच नदीच्या सुधारणेस लावला. कुलीन माशाच्या कैवाऱ्यांनी हीन माशाच्या नावाने नदीसाठी झोळी फिरवावी, यात मला या साऱ्या प्रकरणाचा सर्वांत उदात्त भाग दिसतो.

गळाच्या साहाय्याने नदी वाचण्याची ही दृष्टी आपल्या परंपरेलाही अनोळखी नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यवंशीय सोमेश्वर राजाने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोद या नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने, कोणत्या माशास कोणते आमिष रुचते, गळाची दोरी कशी असावी, यांचा त्यात तपशीलवार विचार आहे, आणि सुंदरलाल होरा या भारतीय मत्स्यशास्त्रज्ञांनी तो विसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणून दिला. आजच्या महाराष्ट्राचा पुष्कळ भाग ज्या राज्यात मोडत होता, त्याच्या अधिपतीला नदीतला मासा अभ्यासाचा विषय वाटला, याचे महत्त्व मला आता अधिक जाणवते. मासा धरावयाचा असेल तर पाण्याची खोली, ओढ, ऊब आणि तळ जाणून घ्यावाच लागतो. आणि ज्याने हे जाणले, त्याच्या दृष्टीने ते पाणी पुन्हा केवळ नाला राहत नाही.

माझ्या स्नेह्यांच्या खिशात एक वही असते. तारीख, पाण्याचे तापमान, गढूळपणा, कोठे किती मासे दिसले, कोणत्या नाल्याच्या तोंडातून काय वाहत होते, हे ते प्रत्येक फेरीला टिपून ठेवतात. एखाद्या नळातून तेलाचा तवंग किंवा दुधासारखे पांढरे पाणी येताना दिसले, की काठावरूनच नगरपालिकेच्या ३११ या क्रमांकावर वर्दी देतात. त्यांच्यासारखे इतरही आहेत. नदीसुधाराची तजवीज दफ्तरात होते, तिच्यासाठी पैसा सभागृहात मंजूर होतो, धरण आणि उद्यान बांधणारे हात सरकारचे असतात. हे सारे आवश्यक आहे, आणि साउथ प्लॅटला ते लाभले म्हणून ती उकिरड्यातून वर आली. परंतु उद्यानाचे उद्घाटन एक दिवस होते आणि नदी रोज वाहते. सुंदर नदीवर प्रेम करण्यास माणसे नेहमीच मिळतात; विटलेल्या नदीला अशी माणसे हवी असतात, ज्यांना तिच्याकडे भर थंडीतही पाहावयास काही खासगी, हट्टी, आनंदाचे निमित्त आहे. डेन्व्हरमध्ये ते निमित्त एका पदच्युत माशाने पुरवले. आपल्या शहरांतील नद्यांना ते कशाने मिळेल, गळाने, पक्षिनिरीक्षणाने की पोहणाऱ्या मुलांमुळे, हे ज्या त्या गावाने ठरवावे. मात्र ज्या नदीकडे हिवाळ्यातील एखाद्या साध्या मंगळवारीही कोणी ना कोणी टक लावून पाहत असते, तिला पुन्हा गटार करून टाकणे कोणत्याही कारभाऱ्याला सोपे जात नाही.